अनवाणी धावलेली बाई आणि आपली वस्ती
दुःखानंतर पुन्हा पायांवर उभं राहण्याविषयी

डिसेंबर २०१३ मध्ये बारामतीत मॅरेथॉन स्पर्धा झाली. ज्येष्ठांच्या गटात साठी उलटलेली एक बाई धावायला उभी राहिली. अंगावर लुगडं, पायांत चप्पलसुद्धा नाही. बाकीच्या स्पर्धकांचे बूट-मोजे, टी-शर्ट पाहून तिला लाज वाटली असेल की नाही, ठाऊक नाही. पण ती पळाली आणि पहिली आली. लता भगवान करे हे तिचं नाव. मूळ गाव बुलढाणा जिल्ह्यात. पोट भरायला कुटुंब बारामतीकडे आलेलं, शेतमजुरीवर घर चाललेलं. नवरा आजारी पडला. डॉक्टरांनी एमआरआय काढायला सांगितलं. त्याला लागणारे पैसे घरात नव्हते. स्पर्धेचं बक्षीस पाच हजार रुपये होतं. त्या पैशांसाठी लताबाई धावल्या.

पुढे त्या याच स्पर्धेत पुन्हा धावल्या आणि पुन्हा जिंकल्या. २०२० मध्ये त्यांच्यावर मराठी चित्रपट आला. त्यात लताबाईंनी स्वतःचीच भूमिका केली आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. ज्या बाईने कधी कॅमेरा पाहिला नव्हता, तिचं नाव दिल्लीत घेतलं गेलं.

ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी मोबाईलवर वाचली असेल. "जिद्द असावी तर अशी" असं लिहून पुढे पाठवलीही असेल. जिद्द आहेच, तिला सलाम. पण आरोग्याच्या पानावर ही गोष्ट घेताना एक प्रश्न विचारावाच लागतो. नवऱ्याच्या तपासणीसाठी एका म्हाताऱ्या बाईला अनवाणी पळावं का लागलं? जिथे सरकारी दवाखान्यात तपासणी वेळेवर आणि फुकट झाली असती, तिथे लताबाई त्या दिवशी नवऱ्याच्या उशाशी बसल्या असत्या. म्हणून या लेखात दोन्ही गोष्टी बोलू. धावण्याने, चालण्याने दुःखातल्या माणसाला काय मिळतं, ते पाहू. आणि धावून पैसे जमवायची वेळ येण्याआधी आपला हक्क कुठे कुठे मागायचा, तेही पाहू.

दुःख अंगात बसतं

मीरा-भाईंदरच्या कुठल्याही वस्तीत जा. लोकलमधून पडून घरातला कर्ता गेलेलं घर सापडेल. कोरोनाच्या दोन वर्षांत आई किंवा बाप गेलेली मुलं सापडतील. कोणाला कॅन्सरने नेलं, कोणाला दारूने, कोणाची तरणीताठी पोरगी बाळंतपणात गेली. जलदान विधी होतो, पाहुणे आपापल्या गावी जातात, आणि मग त्या घरात खरी शांतता सुरू होते. सगळ्यांना वाटतं, आता सावरले. आतून मात्र घर बसलेलं असतं.

दुःख फक्त मनात राहत नाही. झोप उडते. तीन-साडेतीनला जाग येते ती येतेच. जेवण जात नाही, किंवा चहा-बिस्किटावर दिवस निघतो. छातीत धडधडतं, डोकं जड राहतं, अंग दुखतं. बायका डॉक्टरकडे जाऊन "अशक्तपणा आलाय, सलाईन लावा" म्हणतात. पुरुष अड्ड्यावर जातात. आधीपासून बीपी किंवा साखर असेल तर गोळ्या चुकतात आणि आकडे वर जातात. पोरं शाळेत गप्प बसतात किंवा मारामाऱ्या करतात. हे सगळं दुःखच असतं, फक्त त्याला आपण वेगळी नावं देतो.

अशा वेळी शरीर हलवलं तर मनालाही थोडी वाट मिळते. नियमित चालणं, धावणं, सायकल चालवणं यांनी झोप सुधारते. सौम्य आणि मध्यम नैराश्य कमी व्हायला व्यायामाची मदत होते, हे जगभरच्या डॉक्टरांनी मान्य केलेलं आहे. यामागे जादू काही नाही. अंगातलं रक्त फिरतं, स्नायू थकतात, म्हणून रात्री डोळा लागतो. सकाळी उठायला एक कारण मिळतं. घराच्या चार भिंतींबाहेर पाऊल पडतं. आणि सोबत कोणी असेल तर चालता चालता माणूस बोलतो. समोरासमोर बसून जे तोंडातून निघत नाही, ते शेजारी शेजारी चालताना निघतं.

किसा गोतमीची गोष्ट आपण वंदनेनंतर अनेकदा ऐकली आहे. मेलेलं बाळ छातीशी धरून ती तथागतांकडे आली. ज्या घरात कधी कोणी मेलं नाही, त्या घरातून मोहरी आणायला त्यांनी तिला सांगितलं. आरोग्याच्या नजरेने ही गोष्ट पुन्हा पाहा. भगवंतांनी तिला आधी उपदेश केला नाही, आधी चालायला लावलं. दारोदार फिरताना तिने दुसऱ्यांची दुःखं ऐकली, आणि त्यातून तिला आपलं दुःख पेलता आलं.

दुःखातून धावलेली माणसं

पंजाबात जालंधरजवळच्या एका खेड्यात १९११ साली फौजा सिंग यांचा जन्म झाला. लहानपणी पाय इतके बारीक आणि अशक्त की पाच वर्षांचे होईपर्यंत त्यांना नीट चालता येत नव्हतं. शाळा झाली नाही, आयुष्य शेतीत गेलं. १९९२ मध्ये बायको गेली. १९९४ मध्ये तरुण मुलगा कुलदीप त्यांच्या डोळ्यांदेखत अपघातात गेला. ऐंशी ओलांडलेला बाप सैरभैर झाला. पुढे मुलाकडे लंडनला गेल्यावर त्यांनी मन रमवायला धावणं धरलं. २००० साली, वयाच्या ८९ व्या वर्षी, ते लंडन मॅरेथॉन पूर्ण ४२ किलोमीटर धावले, तेही दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळांसाठी काम करणाऱ्या संस्थेला मदत मिळावी म्हणून. स्वतःचं लेकरू गेलेला म्हातारा दुसऱ्यांची लेकरं जगावीत म्हणून धावला. २०११ मध्ये, वयाची शंभरी गाठल्यावर, त्यांनी कॅनडातल्या टोरांटोची मॅरेथॉन पूर्ण केली. जुलै २०२५ मध्ये, ११४ व्या वर्षी, गावाजवळ रस्त्यावर वाहनाच्या धडकेत त्यांचा मृत्यू झाला.

कॅनडातच टेरी फॉक्स नावाचा मुलगा होता. हाडाच्या कॅन्सरमुळे १९७७ मध्ये, वयाच्या १८ व्या वर्षी, त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. इस्पितळात त्याने आपल्यापेक्षा लहान कॅन्सरग्रस्त मुलं पाहिली. बाहेर आल्यावर त्याने ठरवलं की कृत्रिम पायावर देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावायचं आणि कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसे जमवायचे. या धावण्याला त्याने "आशेची मॅरेथॉन" म्हटलं. १२ एप्रिल १९८० ला तो निघाला. रोज जवळजवळ ४२ किलोमीटर, असे १४३ दिवस. ५,३७३ किलोमीटर झाल्यावर कॅन्सर फुप्फुसात पसरल्याचं कळलं आणि त्याला थांबावं लागलं. जून १९८१ मध्ये तो गेला, तेव्हा २२ वर्षांचा होता. त्याची दौड अर्धीच राहिली. पण देशातल्या प्रत्येक माणसामागे एक डॉलर जमावा ही त्याची इच्छा तो जिवंत असतानाच पुरी झाली. आजही त्याच्या नावाने जगात अनेक ठिकाणी लोक धावतात.

आपल्या देशात मेजर डी. पी. सिंग आहेत. कारगिलच्या लढाईत १५ जुलै १९९९ ला तोफगोळ्याने ते इतके जखमी झाले की सुरुवातीला त्यांना मृत समजलं गेलं होतं. जीव वाचला, पाय गेला. दहा वर्षांनी, २००९ मध्ये, ते २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन धावले. पुढे हातपाय गमावलेल्या इतरांना सोबत घेऊन त्यांनी गट उभा केला.

या तिघांच्या गोष्टीत एक समान धागा आहे. कोणीही दुःख विसरायला धावलं नाही. फौजा सिंगांचा मुलगा परत आला नाही, टेरीचा पाय आणि मेजरसाहेबांचा पाय परत आला नाही. पण "आता माझा कोणाला उपयोग" हा जो प्रश्न दुःखातल्या माणसाला खात असतो, त्याला त्यांनी कामातून उत्तर दिलं. आपल्यामुळे कोणाचं तरी भलं होतंय, हे कळलं की माणूस उद्याची वाट पाहायला लागतो.

रक्ताचे डाग पुसल्यावर

आपली मुंबईही अशी धावली आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटी स्टेशनवर गोळीबार झाला. मेलेल्यांत गावी निघालेले मजूर होते, बायका-मुलं होती, रेल्वेचे कर्मचारी होते. बातम्यांत मोठी हॉटेलं दिसली, पण स्टेशनवर मेलेला माणूस बहुतेक तुमच्या-आमच्यासारखा होता. त्यानंतर दोन महिनेही झाले नसताना, १८ जानेवारी २००९ ला, मुंबई मॅरेथॉन ठरल्याप्रमाणे झाली. हजारो लोक त्याच दक्षिण मुंबईच्या रस्त्यांवरून धावले. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात एप्रिल २०१३ मध्ये मॅरेथॉनच्या शेवटच्या रेषेजवळ बॉम्बस्फोट झाले. तीन माणसं मेली, अडीचशेहून अधिक जखमी झाली, अनेकांचे पाय गेले. पुढच्या वर्षी तिथे आधीपेक्षा जास्त लोक धावायला आले.

अशा धावण्याने मेलेली माणसं परत येत नाहीत, नुकसानभरपाई मिळत नाही, दोषींना शिक्षा होत नाही. त्यासाठी कोर्ट-कचेरी, मोर्चे, अर्ज यांचा वेगळा रस्ता चालावा लागतो. पण ज्या रस्त्याची भीती बसली, त्या रस्त्यावर सगळ्यांनी मिळून पुन्हा पाऊल टाकलं की भीती थोडी उतरते. स्टेशनवर माणूस गमावलेल्या घराला हे लवकर समजेल. अशा घरातली बाई अनेक महिने प्लॅटफॉर्मवर चढत नाही. पहिल्यांदा चढताना कोणीतरी सोबत लागतं.

मदतीसाठी धावणं म्हणजे नेमकं काय

मुंबई मॅरेथॉन २००४ पासून होते, बहुधा जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, अर्धी २१ किलोमीटरची. ड्रीम रन नावाची सहा किलोमीटरच्या आसपासची दौड असते. ती हौसेने चालणाऱ्या-धावणाऱ्यांसाठी असते, त्यात नंबर काढत नाहीत. या स्पर्धेतून सामाजिक संस्थांसाठी आतापर्यंत शेकडो कोटी रुपये जमले आहेत. पद्धत सोपी आहे. धावणारा एखादी संस्था निवडतो, ओळखीच्यांना सांगतो, "मी या कामासाठी धावतोय, तुम्ही जमेल तेवढं द्या." पैसे संस्थेच्या खात्यात जातात. लंडनमध्ये तर १९८१ पासून अशा धावण्यातून शंभर कोटी पौंडांहून जास्त रक्कम उभी राहिली आहे.

हे वाचून वाटेल, हा पैसेवाल्यांचा खेळ. प्रवेश फी, बूट, घड्याळ, टी-शर्ट. बऱ्याच अंशी ते खरं आहे. पण दान आपल्याला नवं नाही. विहाराची वीट न वीट आपल्या आया-बहिणींनी दहा-वीस रुपयांनी उभी केली आहे. जयंतीला वर्गणी निघते, वर्षावासात भोजनदान होतं, शेजारी मयत झालं तर रात्रीत पैसे जमतात. त्यातच एक गोष्ट वाढवता येईल. वर्षातून एकदा वस्तीची तीन किलोमीटरची चाल ठेवा. ज्यांना धावता येईल ते धावतील, आजी-आजोबा चालतील. प्रत्येक घराने जमेल तेवढे द्यावेत. जमलेले पैसे एकाच ठरलेल्या कामाला जावेत: डायलिसिसवर असलेल्या माणसाचं गाडीभाडं, आई-बाप गेलेल्या मुलांची वह्या-पुस्तकं आणि फी, पाय गेलेल्या पोराचा जयपूर फूट बसवण्याचा खर्च.

पण तीन पथ्यं पाळा. किती जमले आणि कुठे गेले, हे विहाराच्या फळ्यावर लिहा. ज्याला मदत करायची त्याला विचारल्याशिवाय त्याचा फोटो, आजार किंवा नाव व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. गरिबाची अब्रू ही त्याची शेवटची मालमत्ता असते. आणि बाहेरच्या कोणत्याही संस्थेला पैसे देताना तिची नोंदणी पाहा, पावती मागा.

आधी हक्क, मग वर्गणी

पैसे जमवायला निघण्याआधी हे चार दरवाजे ठोठावून पाहा.

• महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना : ठरावीक ऑपरेशन आणि उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं. रेशनकार्ड आणि आधार लागतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, आधी त्याला भेटा. चौकशीचा फोन : १५५३८८.

• धर्मादाय रुग्णालयं : महाराष्ट्रात धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवकाला उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड दाखवा. तोंडी नकार मिळाला तर लेखी मागा.

• सरकारी रुग्णालय : भाईंदर पश्चिमेला टेंभा इथे भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे. बीपी, साखर, हिमोग्लोबिन या साध्या तपासण्यांसाठी आधी तिथे किंवा जवळच्या पालिका दवाखान्यात जा.

• रेल्वे अपघात : तिकीट किंवा पास असलेला प्रवासी चालत्या लोकलमधून पडून गेला, तर घरच्यांना रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे ८ लाख रुपयांची भरपाई मागता येते. जखमींनाही जखमेच्या प्रमाणात भरपाई मिळते. अर्ज घटनेपासून एका वर्षाच्या आत करायचा. पोलीस पंचनामा, पोस्टमॉर्टेमचा अहवाल आणि पास जपून ठेवा. रडण्याच्या दिवसांत कागद हरवतात, म्हणून हे काम शेजाऱ्यांनी अंगावर घ्यावं.

लोकलचं नाव निघालं म्हणून मोनिका मोरेची आठवण. ११ जानेवारी २०१४ ला घाटकोपर स्टेशनवर प्लॅटफॉर्म आणि गाडीच्या फटीत ती पडली आणि तिचे दोन्ही हात गेले. तेव्हा ती कॉलेजात शिकत होती. ऑगस्ट २०२० मध्ये परळच्या रुग्णालयात तिच्यावर दोन्ही हातांच्या प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली. चेन्नईतल्या एका मेंदूमृत तरुणाच्या घरच्यांनी दिलेले हात तिला मिळाले. एका घरावर आभाळ कोसळलं असताना त्या घराने दुसऱ्या घराला हात दिले. याहून मोठं दान कोणतं? तिच्या अपघातानंतर प्लॅटफॉर्मची उंची वाढवण्याचा प्रश्न पेटला, हेही लक्षात ठेवा. दुःखातून आवाज उठला म्हणून पुढच्यांचे जीव वाचतात.

मीरा-भाईंदरमध्ये सुरुवात कशी कराल

"आमच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे सरावं लागतं, तिथे धावायचं कुठे?" हा प्रश्न रास्त आहे. भाईंदर पश्चिमेला नेताजी सुभाषचंद्र बोस मैदान आहे, पूर्वेला खाडीकाठी जेसल पार्कची चौपाटी आहे. पहाटे तिथे जागा मिळते. घोडबंदर रोड किंवा हायवेच्या कडेने धावू नका. धूर आणि धूळ छातीत जाते आणि अवजड गाड्यांचा भरवसा नाही.

वेळेचं गणित प्रत्येक घराचं वेगळं. पहाटे नळाला पाणी येतं तेव्हा बाईला घर सोडता येत नाही. धुणीभांडी करणाऱ्या ताई दिवसभर चालतातच, भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या कारखान्यांत पोरं दहा-दहा तास उभी असतात. त्यांना "व्यायाम करा" म्हणणं जखमेवर मीठ चोळल्यासारखं वाटू शकतं. पण कामाचं चालणं आणि स्वतःसाठी चालणं यांत फरक आहे. कामात मान खाली असते, घाई असते, डोक्यात मालकिणीचा आवाज असतो. स्वतःच्या चालण्यात श्वास मोकळा असतो. रोज जमलं नाही तर आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास काढा. रात्रपाळी करून आलेल्याने आधी झोपावं, मग चालावं. बायकांनी चार-पाच जणींनी मिळून जावं, म्हणजे अंधाराची भीती नाही आणि गप्पाही होतात.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालण्याएवढा व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. तिथवर पोहोचायचा सोपा क्रम असा :

पहिले दोन आठवडे फक्त चाला. वीस मिनिटांपासून सुरू करून अर्ध्या तासावर या. तिसऱ्या आठवड्यापासून एक मिनिट हळू धावा, दोन मिनिटं चाला, असं आठ-दहा वेळा करा. पुढे दर आठवड्याला धावण्याचं अर्धं-एक मिनिट वाढवा. धावताना शेजारच्याशी एखादं वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे, कमी करा. दोन-अडीच महिन्यांत बहुतेकांना तीन ते पाच किलोमीटर हळूहळू धावता येतात. बस, आपल्या वस्तीच्या दौडीला तेवढं पुरे. अर्धमॅरेथॉनसाठी त्यानंतर आणखी काही महिने सराव लागतो. पूर्ण मॅरेथॉनचं नाव वर्षभर नियमित धावल्याशिवाय काढू नका. हौस म्हणून एकदम ४२ किलोमीटरला उभं राहणं जिवावर बेतू शकतं.

मोठी स्पर्धा जवळून पाहायची असेल तर खाडीपलीकडे वसई-विरारला २०११ पासून मॅरेथॉन होते आहे, बहुधा डिसेंबरात. एका रविवारी पोरांना घेऊन जा. सत्तरीच्या आजी, पांढऱ्या काठीच्या आधाराने धावणारे अंध तरुण, व्हीलचेअरवरची माणसं पाहून पोरं जे शिकतात ते भाषणातून शिकत नाहीत.

हे सांभाळा

चाळिशी ओलांडली असेल, बीपी, साखर, हृदयाचा त्रास किंवा दमा असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं, घाम फुटणं, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काही झालं तर तिथेच थांबा आणि १०८ ला फोन करा. "थोडं बसल्यावर बरं वाटेल" म्हणून घरी जाऊ नका.

लताबाई अनवाणी धावल्या ते नाइलाजाने. साखरेच्या माणसाने अनवाणी अजिबात धावू-चालू नये. पायाची जाणीव कमी झालेली असते, काच किंवा खिळा लागलेला कळत नाही, जखम चिघळते आणि पाय कापायची वेळ येते. महागडे बूट नकोत, पण टाच धरणारे, बोटांना जागा असणारे कॅनव्हासचे बूट हवेत. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून धावू नका. पायावर जखम असेल तर लेप्टोचा धोका असतो.

महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. दोन जिने चढून धाप लागत असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासा. लोहाच्या गोळ्या दवाखान्यात फुकट मिळतात. खाण्यात भिजवलेले चणे, शेंगदाणे-गूळ, अंडं, सुकट, पालेभाजी, वर लिंबू. धावायच्या आधी एक केळ किंवा अर्धी चपाती पुरते. आपल्याकडची हवा खाडीची, दमट. घाम खूप जातो. उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत परत या. घाम फार गेला तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट प्या. चमचा चहाचा, छोटा. साखरेच्या आणि किडनीच्या पेशंटने याआधी डॉक्टरांना विचारावं.

दुःखातल्या घराशी कसं वागावं

"देवाची मर्जी" आपण म्हणत नाही, पण "आता विसर, पोरांकडे बघ" हे सर्रास म्हणतो. हे वाक्यही टोचतं. गेलेल्या माणसाचं नाव घ्या, त्याच्या आठवणी काढा. नाव टाळलं तर घरच्यांना वाटतं, सगळे त्याला विसरले. "काही लागलं तर सांग" असं म्हणू नका, कारण कोणी सांगत नाही. त्यापेक्षा "उद्या सहाला मी येते, आपण चौपाटीपर्यंत जाऊन येऊ" असं म्हणा आणि खरंच जा. पहिल्या दिवशी ती नाही म्हणेल, दुसऱ्या दिवशीही म्हणेल. तिसऱ्या दिवशी पुन्हा जा. जबरदस्ती मात्र नको. काही माणसांना महिने लागतात, तो त्यांचा कमकुवतपणा नसतो.

पण दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-जेवण पूर्ण तुटलं असेल, माणूस अंघोळ-काम सोडून कोपऱ्यात बसला असेल, दारू वाढली असेल, किंवा "मी गेलो तर बरं" असं बोलत असेल, तर चालण्या-धावण्यावर भागणार नाही. ही वैद्यकीय मदतीची वेळ आहे. टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. फोन फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. अशा माणसाला एकटं सोडू नका. मनाचा डॉक्टर म्हणजे वेड्याचा डॉक्टर, ही समजूत आता आपण टाकून दिली पाहिजे. साखरेला गोळी लागते, तशी मनालाही कधी कधी लागते.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर पाच मिनिटं या विषयाला द्या. कोणत्या घराला या वर्षी घाव बसला आहे, त्यांची नावं मनाशी आठवा. त्यांच्या दारावर कोण जाणार, पहाटे मैदानात कोण सोबत करणार, योजनेचे कागद कोण भरून देणार, हे वाटून घ्या. तरुण पोरांना बूट घालून निघायला सांगा, आजीबाईंना काठी घेऊन. पहिल्या दिवशी चार माणसं आली तरी चालतील.

जय भीम.